फीतयंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला कीं आपणांस देवालयच आठवतें. परंतु अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील माऊंटन व्ह्यू येथें संगणकांच्या इतिहासाचें जें संग्रहालय आहे, तेथें २००४ च्या सुमारास एका निराळ्याच जीर्णोद्धारास हात घातला गेला. आय.बी.एम. कंपनीनें १९५९ सालीं घोषित केलेला १४०१ हा संगणक व त्याचीं ७२९ जातीचीं फीतयंत्रें चालतीं करण्याचें तें काम. आणि तें अंगावर घेणाऱ्यांत बरेच सेवानिवृत्त अभियंते होते.

अशा कामीं पहिला मोह होतो तो कळ दाबून पाहण्याचा. तो कटाक्षानें आवरावा. वर्षानुवर्षें निजलेल्या विद्युत्-धारकांवर एकदम पूर्ण दाब आला तर ते स्वतः जातात व शेजाऱ्यांसही नेतात. म्हणून आधीं मूळ आकृत्या मिळवावयाच्या, मग वीजपुरवठा सुटा काढून दाब हळूहळू चढवावयाचा. तेथील दोन १४०१ पैकीं एक जर्मनींतून आलेला, म्हणजे ५० आवर्तनांच्या विजेवर चालणारा. अमेरिकेंत वीज ६० आवर्तनांची! तेव्हां आवर्तनें पालटून देण्याची सोयही करावी लागली.

खरी करामत फीतयंत्रांत आहे. अर्धा इंच रुंद फीत सेकंदास ७५ इंच धांवते आणि सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत थांबते. जड रीळ इतक्या त्वरेनें थांबेल कसें? यास्तव दोन निर्वात स्तंभांत फितीचा सैल वेढा हवेच्या ओढीनें लोंबत ठेवलेला असतो. फीत त्यांतून घेतली जाते. रीळ मागाहून आपल्या चालीनें फिरतें. येथें हवेची गळती राहिली, किंवा रबरी रूळ चिकट झाला, तर फितीचा नाश ठरलेला.

आणि २४०० फुटांच्या रिळावर, इंचास ५५६ अक्षरें या हिशेबानें, मधल्या रिकाम्या जागा न धरतां, सुमारें १ कोटी ६० लक्ष अक्षरें मावतात. ती फीत एकुलती एक प्रत असेल तर? पोथीचें चिकटलेलें पान कोणी शहाणा ओढून काढीत नाहीं. यंत्राची परीक्षा प्रथम कोऱ्या फितीवरच व्हावी. बाहेरून रंगरंगोटी आधीं करणाऱ्यांविषयीं आमचें मत फारसें चांगलें नाहीं.

फितीची जातही पाहावी लागते. १९७० नंतरच्या कांहीं फितींतील बंधक द्रव्य ओल शोषून चिकट होतें. त्यांस मंद उष्णता दिल्यास त्या कांहीं काळ वाचतां येतात. जुन्या ॲसिटेट फितीस तोच उपचार केला तर ती बिघडते. म्हणून ही ओळख यंत्रास वीज जोडण्यापूर्वींच पटवून घ्यावयाची.