वानरांना वानरं राहू द्या

संक्रांतीला जोडून आठवडाभर वालूरहूनच काम केलं. (नेट चालतं. लाइट चालेलच असं नाही.) त्या एका आठवड्यात माझं तीन जणांशी वाजलं आणि तिन्ही वेळा कारण एकच. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'.

एवढीशी कादंबरी. पुण्याहून परभणीला निघालात तर उतरायच्या आत वाचून होते. पण वाचलेल्या माणसांत तिच्याबद्दल एकमत म्हणून नाही. कुणी डोक्यावर घेतं, कुणी 'ही काय कादंबरी आहे?' म्हणून बाजूला सारतं. मला मात्र हल्ली असं वाटायला लागलंय की आवडलं म्हणणारे असोत की नावडलं म्हणणारे, बरेचसे लोक पुस्तक सोडून दुसरंच काहीतरी वाचतात.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १९८२ सालची. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि त्याच वर्षी माडगूळकर अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते (म्हणजे आमच्या मराठवाड्यात, एवढं मिरवून घेतो). गोष्ट जंगलातली, वानरांच्या टोळ्यांची. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची आपली नेहमीची वानरं. टोळीत एक दांडगा हुप्प्या, बाकी माद्या आणि पिल्लं. बाहेरून नवा नर येतो, जुन्याला हुसकावतो, टोळी ताब्यात घेतो. आणि मग अंगावर पिणारी पिल्लं मारतो.

पहिलं भांडण सेलूच्या मामांशी. मामा निवृत्त मास्तर, मराठीचे. मी पुस्तकाचं नाव काढलं मात्र, ते उठून बसले. "अरे, ते सरळसरळ पुलोद आहे! अठ्ठ्याहत्तर साली वसंतदादांचं सरकार कसं पाडलं, तेच लिहिलंय माणसानं. नावं तेवढी वानरांची."

दुसऱ्याच दिवशी कॉलवर ऑफिसातला एक मित्र, वय वर्षं सत्तावीस. तो म्हणाला, "भारी आहे रे, एकदम दोन हजार बावीसचा जून! सुरत, गुवाहाटी, सगळं डोळ्यासमोर येतं." आता १९८२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात गुवाहाटी कुठून आली हे त्यालाच ठाऊक. पण गंमत बघा, खोदायचंच म्हटलं तर मी याहून सरस पुरावा देतो. जानेवारी १९८२ मध्ये अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये भोसले गेले, वसंतदादा आले. पुस्तक बरोबर त्याच्या मधलं. झालं की नाही सिद्ध?

कसलं सिद्ध. आमच्याकडे एखादी टेस्ट कुठलंही इनपुट दिलं तरी पास व्हायला लागली, तर आम्ही पार्टी करत नाही, टेस्ट तपासतो. जो अर्थ १९७८ ला बसतो, १९८२ ला बसतो, २०२२ लाही बसतो आणि पुढच्या सरकारालाही बसेल, तो पुस्तकातून आलेला नाही, तो आपण घरून डब्यात घालून नेलेला आहे. मामांना मी हे असंच्या असं म्हणालो नाही अर्थात. "मामा, मग पिल्लं कोण?" एवढंच विचारलं. त्यांनी जरा विचार करून "कार्यकर्ते" असं सांगितलं. मामी आतून हसली.

दुसरी बाजू याच्या बरोबर उलट. आमच्या टीममधली एक मैत्रीण भरपूर वाचते, इंग्रजीही आणि मराठीही. तिचं म्हणणं, "लिहिलंय छान, पण कादंबरी कुठाय? कुणाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. डिस्कव्हरी चॅनल लावल्यासारखं वाटतं. माहिती आहे नुसती."

यावर मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण 'नुसती माहिती' हे म्हणणं वाटतं तितकं साधं नाही. वानरांबद्दलची ही माहिती १९८२ मध्ये ठरलेली नव्हतीच मुळी. पन्नाशीच्या शेवटी फिलिस जे (पुढे डोलिनाव) ही अमेरिकन संशोधक मध्य आणि उत्तर भारतात वानरं बघत हिंडली. तिला दिसली ती शांत, भांडणतंटा टाळणारी वानरं. थोड्याच वर्षांत, साठीच्या सुरुवातीला, युकिमारू सुगियामा हा जपानी संशोधक धारवाडच्या जंगलात होता. त्यानं पाहिलं की टोळीचा मालक बदलला आणि नव्यानं पिल्लं मारली. मग १९७१ पासून सारा हर्डी अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षं जात राहिली. तिचं पुस्तक १९७७ साली आलं. तिचा हिशेब रोकडा होता. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही, पिल्लू गेलं की लवकर येते. अबूच्या टोळ्यांत एका नराची सद्दी सरासरी दोन-सव्वादोन वर्षं टिकायची. एवढ्या वेळात स्वतःची पिल्लं जन्मायला हवीत आणि जगायलाही हवीत. म्हणून आधीच्याची मारायची.

यावर जो गदारोळ झाला तो वाचण्यासारखा आहे. १९७८ मध्ये डोलिनाव आणि कर्टिन यांनी लिहिलं की हे वानरांचं नेहमीचं वागणं नाही. माणसानं जंगल आक्रसवलं, गर्दी झाली, त्यातून आलेली ही विकृती आहे. म्हणजे एक बाजू म्हणत होती वानरं बिघडली, दुसरी म्हणत होती वानरं आहेतच अशी. भांडण वीस वर्षं चाललं. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसलं की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. तेव्हा कुठे हर्डीचं पारडं जड झालं.

आता बघा. भले भले शास्त्रज्ञ समोर वानर बघून एकमेकांवर गुरकावत होते, त्या काळात पुण्याचा एक मराठी लेखक हे सगळं गोष्टीत घेतो, नराला खलनायक करत नाही, मादीला हुतात्मा करत नाही, आणि 'का' याचं भाषणही ठोकत नाही. जे दिसलं ते सांगतो आणि पुढे जातो. माझ्या मैत्रिणीला ज्याची उणीव वाटते ना, ते मनातलं बोलणं, ते घालणं सगळ्यात सोपं होतं. पानभर स्वगत लिहून वानराला रडवलं असतं की वाचकही रडला असता. माडगूळकरांनी हात आवरला. 'माहिती आहे नुसती' असं तुम्हाला वाटतं तिथे एका लेखकानं स्वतःवर घातलेला लगाम आहे, एवढं तरी मान्य करा.

अर्थात माडगूळकर अगदीच निर्दोष सुटतात असंही मी म्हणणार नाही. 'सत्तांतर' हा शब्द मंत्रालयातला, रानातला नव्हे. असं नाव द्यायचं आणि वाचकानं मुख्यमंत्री शोधू नये म्हणायचं, हे जरा जास्तच. शिवाय त्यांनी वानरांना नावंही दिली. पण नावाचं मला फार वाटत नाही. आम्ही दिवसभर व्हेरिएबलना नावंच देत बसतो. नाव नसलं तर कोण कुठला हे लक्षात राहत नाही, एवढाच त्याचा उपयोग. हर्डीनंसुद्धा अबूच्या एका नराचं नाव शिफ्टी ठेवलं होतं. म्हणून काही तो माणूस झाला नाही.

तिसरं भांडण वहिनीशी. खरं म्हणजे भांडण नव्हेच, माझीच चूक होती. वहिनी बाळंतपणानंतर वालूरलाच आहे, बाळ पाच महिन्यांचं. मी मोठ्या उत्साहानं पुस्तक तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी ते पालथं घालून उशाशी ठेवलेलं. "भाऊजी, पुढं नाही वाचवत मला." मी लगेच माझं ज्ञान पाजळायला सुरुवात केली, अबू काय, धारवाड काय. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते खरं असेल हो. खरं आहे म्हणूनच वाचवत नाही ना." आणि बाळाला घेऊन आत गेली.

मामांनी कादंबरी पूर्ण वाचली, माझ्या मित्रानं वाचली, मैत्रिणीनं तर चिकित्सा केली. वहिनीनं अर्ध्यात सोडली. तरी मला विचाराल तर चौघांत नीट वाचणारी तीच. तिनं पिल्लाला पिल्लूच मानलं. 'कार्यकर्ता' म्हटलं की पिल्लू मेलं तरी आपल्याला काही होत नाही, उलट कोडं सुटल्याचा आनंद होतो. 'माहिती' म्हटलं की चॅनल बदलता येतो. दोन्ही पळवाटाच. आणि दोन्ही पळवाटा शिकल्यासवरलेल्या लोकांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, हे जास्त लागतं.

'एका पुस्तकावरून एवढं काय?' असं कुणी म्हणेल. तर आमच्याकडून सेलू, पाथरी करत गेलं की माजलगाव लागतं. त्याच्याजवळच्या लवूळ गावात २०२१ च्या अखेरीला वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून न्यायला लागली. झाडावर, घरांच्या गच्चीवर न्यायची, आणि तिथं पिल्लं उपाशी मरायची नाहीतर पडून मरायची. डिसेंबरात वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. पण तोवर गोष्ट तयार झाली होती : कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड घेतला. मेलेल्या पिल्लांचा आकडा फुगत फुगत अडीचशेवर गेला, बातमी जगभर फिरली. आमच्या ऑफिसात तर आठवडाभर 'वानर गँग' आणि 'कुत्रा गँग' असले विनोद चालू होते. दोन टोळ्या, एक खून, बदला. पिक्चरच! सूड घेणारं वानर सगळ्यांना पटकन ओळखू आलं, कारण ते आपल्यासारखं होतं. ती दोन वानरं खरंच काय करत होती, त्यांना पिल्लं कशाला हवी होती, हे विचारत बसायला वेळ कुणाला होता?

आणि आमच्या गावात हा वाचनाचा प्रश्न नाही, हरभऱ्याचा आहे. शनिवारी मारुतीला नारळ फोडायचा, पारावर वानर बसलेलं दिसलं तर हात जोडायचे, केळं द्यायचं. रविवारी तेच वानर घाट्यात बसलेलं दिसलं की फटाके, गोफण, शिव्या. शनिवारी देव आणि रविवारी चोर. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर बत्तीस एकर जमीन वानरांच्या नावावर आहे, २०२२ मध्ये त्याची बातमी गाजली होती. हे कौतुकाचंच आहे, पण तिथेही शेवटी आपण त्यांना खातेदारच केलं की!

मी वाद घालतो तो इथून. देव, चोर, सूडवाला, मुख्यमंत्री या सगळ्या आपल्याच पदव्या. 'सत्तांतर' हे मराठीतलं एक पुस्तक या पदव्या काढून ठेवून बघायला लावतं, आणि आपण वाचून झाल्यावर त्या पुन्हा चिकटवतो.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांबरोबर शेतात गेलो होतो. बांधावरच्या लिंबावर टोळी बसलेली. मी दिवाळीत आलो तेव्हा हीच टोळी असावी, शेपूट तुटलेली एक म्हातारी मादी आहे तिच्यावरून वाटलं. तेव्हा दोन-तीन माद्यांच्या पोटाला काळी पिल्लं होती. आता एकही दिसेना. वरच्या फांदीवर बसलेला हुप्प्याही अंगानं वेगळाच वाटला.

मी बाबांना सगळं सांगितलं. नवा नर, पिल्लं, सव्वादोन वर्षं, सगळं. बाबा गोफण हातात घेऊन ऐकत होते.

"तरीच," ते म्हणाले. "आठ-पंधरा रोज झाले, रातच्याला लई कालवा करायलेत. मला वाटलं बिबट्याबिबट्या आला का काय."

मग जरा वेळानं, "आन् जुना कुठं गेला असंल रे?"

मला माहीत नव्हतं. टोळी उतरून नाल्याकडे गेली तोवर आम्ही तिथंच उभे होतो. गोफण काही त्यांनी फिरवली नाही. हरभऱ्याचं नुकसान झालं ते झालंच, दोन वाफे गेले.