एका आंब्याचे सहा उतारे

गेल्या वैशाखांत देवगडाहून आमच्या घरीं हापुसाची पेटी आली, आणि त्याच दिवशीं आमच्या पुतणीचा परीक्षेचा निकालही आला. पेटी उघडण्याचें कोणासच सुचलें नाहीं. मुलगी परिचर्येची पदवी घेतलेली, तीन वर्षें रुग्णालयांत रात्रपाळ्या केलेली. विलायतेंत काम करावयास जावें म्हणून आयेल्ट्स नांवाची इंग्रजीची परीक्षा तिनें दिली होती. ऐकणें, वाचणें आणि बोलणें या तिहींत तिला साडेसात गुण पडले. लेखनांत मात्र सहा. ब्रिटनच्या परिचारिका-नोंदणी मंडळानें २०१८ च्या अखेरीस लेखनाची अट सातांवरून साडेसहांवर आणिली, तरी अर्धा गुण कमी पडावयाचा तो पडलाच. आणि हें दुसऱ्यांदा. परीक्षेची फी दोन्ही वेळां आमच्या थोरल्या बंधूंनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून भरली होती. ते एवढेंच म्हणाले, "आतां पुरे," आणि देवघरांत जाऊन बसले.

सायंकाळीं मुलगी आमच्याकडे आली. "काका, व्याकरणाच्या चुका मी करीत नाहीं हें तुम्हांस ठाऊक आहे. मग मी चुकलें कुठें?"

उत्तरपत्रिका परत पाहावयास मिळत नाहीं. म्हणून आम्हीं तिची सरावाची वही मागून घेतली. या परीक्षेंत लेखनास एक तास असतो. पहिल्या प्रश्नांत एखादा आलेख किंवा तक्ता देऊन तो निदान १५० शब्दांत सांगावयाचा, आणि दुसऱ्यांत एखाद्या वादाच्या विषयावर निदान २५० शब्दांचा निबंध लिहावयाचा. वहींत तीन शहरांतील पाण्याच्या वापराचा एक आलेख होता. पहिल्या दोन वाक्यांत मुलीनें तो सांगितला होता. तिसऱ्या वाक्यापासून पाणी हेंच जीवन होय, सरकारनें वेळींच जागें व्हावें, प्रत्येक नागरिकानें आपलें कर्तव्य ओळखावें, अशी वाणी वाहूं लागली होती. इंग्रजी निर्दोष, शब्द निवडक. पण मागितलें ताक आणि वाढलें श्रीखंड! परीक्षक गुण देतात ते चार कसोट्यांवर. व्याकरण ही एक, शब्दसंपत्ति दुसरी, विचारांची व वाक्यांची संगति तिसरी. आणि सांगितलेलें काम नीट पार पडलें कीं नाहीं ही चौथी. या चौथीकडे आमच्या घरांत कोणीं पाहिलेंच नव्हतें. ती ज्या शिकवणीवर्गास जात होती तेथेंही कोणत्याही प्रश्नास चिकटवितां येतील अशीं पन्नास वाक्यें पाठ करून घेण्यापलीकडे कांहीं झालें नव्हतें.

दोष एकट्या मुलीस देणें अन्यायाचें होईल. आमच्यासारख्या घरांत इंग्रजी आलें तें शाळेच्या निबंधाच्या वाटेनें. आमच्या वडिलांच्या पिढीनें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपलें इंग्रजी पक्कें केलें, आणि वाक्य घडविण्यास ती माला किती उपयोगी आहे हें आम्ही स्वानुभवानें जाणतों. परंतु घडलेलें वाक्य कोणत्या कामास लावावयाचें हा तिचा विषय नव्हे. वाक्य आलें कीं निबंध आला आणि निबंध आला कीं इंग्रजी आलें, असा आमचा समज; आणि निबंध म्हटला कीं शेवटीं उपदेश हवाच!

गंमत अशी कीं, आपल्याच जुन्या दप्तरांत ही चूक कोणी करीत नसे. एखाद्या घराण्यास वतन कसें मिळालें ती हकीकत सांगावयाची तर करीना. वादांत आपलें म्हणणें मांडावयाचें तर कैफियत. गोतसभेनें निवाडा केला कीं महजर. रयतेस अभय द्यावयाचें तर कौल. कारकुनाच्या पोरास मोडी वळणाबरोबर हे भेदही गिरवावे लागत, आणि पत्रांचे मायने शिकविण्यासाठीं मेस्तकें असत. महजराच्या जागीं करीना लिहून आणणाऱ्या कारकुनाची काय संभावना झाली असती, याची कल्पना वाचकांनींच करावी.

इंग्रजींतही हा विचार नवा नाहीं. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश पंडितानें १८६६ सालच्या आपल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथांत वर्णन, कथन, विवरण, मन वळविणें आणि काव्य असे भेद मांडले होते. पुढें १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें जिम मार्टिन, जोन रॉथरी प्रभृति अभ्यासकांनीं शाळांतील मुलांच्या वह्या तपासल्या. त्यांस आढळलें तें आमच्या पुतणीच्या वहीहून फारसें निराळें नव्हतें. मुलें बहुतेक एकाच प्रकारचें, म्हणजे स्वतःस काय घडलें वा काय वाटलें याचेंच, लिहीत. आणि पुढील शिक्षणास लागणारे माहितीचे, कारणांचे व युक्तिवादाचे प्रकार त्यांस कोणी शिकवीतच नसे. ज्या घरांत पुस्तकें होतीं तेथील मुलें तें ऐकून-वाचून उचलीत; गरिबांचीं मुलें मागें पडत. यावर त्यांनीं काढलेला उपाय साधा आहे. आधीं एक छोटा नमुना घेऊन तो सर्वांनीं मिळून उकलावयाचा, मग शिक्षकासह तसाच दुसरा रचावयाचा, आणि शेवटीं मुलानें एकट्यानें लिहावयाचा. इंडोनेशियानें २००४ च्या इंग्रजी अभ्यासक्रमांत हीच पद्धत घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं पेटी उघडविली आणि पुतणीस सांगितलें, "आतां आंबा सोडून दुसऱ्या कशावरही लिहावयाचें नाहीं."

पहिला उतारा घडल्या गोष्टीचा. 'वुइ ओपन्ड द बॉक्स ऑन संडे मॉर्निंग. देअर वेअर फोर डझन मँगोज इन्साइड, बट टू हॅड ऑलरेडी गॉन बॅड.' येथें सारीं क्रियापदें भूतकाळाचीं, कोणी केलें तें स्पष्ट, आणि 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट' हे शब्द माळेंतील दोऱ्याप्रमाणें घटना ओवून नेतात. हा प्रकार मुलीस सहज आला, कारण रुग्णालयांत पाळी बदलतांना ती रोज हेंच लिहीत असे.

मग दुसरा, माहितीचा. 'द मँगो इज अ‍ॅन एव्हरग्रीन ट्री ऑफ द कॅश्यू फॅमिली. इट ग्रोज इन वॉर्म कंट्रीज.' हें वाक्य आम्हीं तिच्यापुढें ठेविलें आणि विचारलें, "हा कोणता आंबा? आपल्या पेटींतला का?" ती जरा थांबली. "नाहीं. हा कुठलाच नाहीं. सगळेच." आमच्या मतें त्या दिवसाचें सारें शिक्षण या एका उत्तरांत झालें. पहिल्या उताऱ्यांत रविवार होता, पेटी होती, आम्ही होतों. दुसऱ्यांत यांपैकीं कोणीच नाहीं. काळ साधा वर्तमान, कारण गोष्ट आजची नव्हे, नेहमींची आहे. 'आय' नाहीं, 'वुइ' नाहीं, 'ब्यूटिफुल' नाहीं. त्यांत पुढें लिहावयाचें तर हापुस ही कलमी जात आहे, तिचें नांव पोर्तुगीज सेनानी आफोन्सु द आल्बुकर्क याच्यावरून पडलें असें मानितात, कोंकणच्या पांच जिल्ह्यांतील हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, असें लिहावें. आंबा हा फळांचा राजा आहे हें मात्र लिहूं नये. तें खरें असलें तरी!

मुलीनें नेमकें तेंच शेवटीं लिहून आणिलें. आम्हीं तें खोडलें. तिनें जरा रागानेंच विचारलें, "मग शेवट कशानें करूं?" आम्हीं म्हटलें, "माहिती संपली कीं थांब." थांबणें हें तिला लिहिण्याहून अवघड गेलें, आणि सुशिक्षित घरांतील बहुतेकांस तें तसेंच जातें असा आमचा अनुभव आहे.

तिसरा उतारा कृतीचा. येथें आमच्या वहिनी मदतीस आल्या; अढी घालण्यांत त्यांचा हातखंडा. त्यांनीं सांगितलें तसें मुलीनें लिहिलें. 'स्प्रेड अ लेअर ऑफ ड्राय स्ट्रॉ. लेइ द फ्रूट ऑन इट. टर्न द मँगोज एव्हरी टू डेज.' प्रत्येक वाक्याच्या तोंडीं आज्ञार्थी क्रियापद. कोणास सांगितलें तें लिहावयाचें कारण नाहीं.

पण अढींत आंबा पिकतो कां, हें सांगावयास लागलें कीं आज्ञार्थ निरुपयोगी होतो. तो चौथा, कारणांचा उतारा. फळ तयार होतांना त्याच्या अंगांतच एथिलीन नांवाचा वायु निर्माण होतो; गवतामुळें ऊब आणि हा वायु फळांभोंवतीं टिकून राहतात; त्यामुळें गरांतील पिष्टाची साखर होते, सालींतील हिरवा रंग मोडतो, आणि एक आंबा पिकला कीं शेजारचेही पिकूं लागतात. येथें कर्ता कोणी नाहीं. म्हणून इंग्रजी 'इज कन्व्हर्टेड' असा कर्मणि प्रयोग करितें, आणि वाक्यें 'व्हेन', 'बिकॉज', 'अ‍ॅज अ रिझल्ट' यांनीं जोडिलीं जातात. पहिल्या उताऱ्यांतला दोरा काळाचा होता, हा कारणाचा. याच रीतीनें तिनें हापुसांतील साक्यावरही चार वाक्यें लिहिलीं. फळ बाहेरून निर्दोष दिसतें आणि कापल्यावर आंत फिकट, भुसभुशीत निघतें, तो साका. फळ झाडावर असतांनाच कोयींत रुजण्याची क्रिया सुरू होणें आणि तापलेल्या जमिनीची धग फळास लागणें यांशीं संशोधक त्याचा संबंध जोडितात. पेटींतले दोन आंबे त्या दिवशीं तसेच निघाले, तेव्हां उताऱ्यास पुरावाही मिळाला.

पांचवा युक्तिवादाचा. कॅल्शियम कार्बाइड घालून फळें पिकविण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं बंदी आहे; तरी बाजारांत तें होतें, तें थांबविण्यासाठीं तपासणी वाढवावी काय? येथें मात्र 'शुड' हवें, 'देअरफोर' हवें, आधीं आपलें मत, मग कारणें, आणि शेवटीं मताची पुनरुक्तिसुद्धां शोभते. मुलीनें हा उतारा एका बैठकींत लिहिला आणि आम्हांस एक शब्दही बदलावा लागला नाहीं. तिची सारी वाणी या एका घरची होती, आणि ती दर प्रश्नांत तिलाच पाहुणी बोलावीत होती. सहावा उतारा बागवाल्यास तक्रारीच्या पत्राचा. त्याविषयीं पुढील अंकीं, कारण इंग्रजी पत्रांचे मायने हा स्वतंत्र विषय आहे.

यानंतर आम्हीं तो पाण्याचा आलेख पुनः काढिला. "हा कितवा उतारा?" असें विचारतांच तिनें दुसऱ्यावर बोट ठेविलें. सर्वांत ठळक काय दिसतें तें एका वाक्यांत, मग आंकड्यांची तुलना, सालें गेलेलीं असतील तर भूतकाळ, आणि मत शून्य. सतरा मिनिटांत १६८ शब्द झाले. शेवटचें वाक्य आंकड्यावर संपलें होतें.

तिसऱ्या वेळची फी तिनें आपल्या पगारांतून भरली. बंधूंनीं हो म्हटलें नाहीं आणि नकोही म्हटलें नाहीं. हा मजकूर छापावयास देतांना परीक्षा होऊन चार दिवस झाले आहेत, निकाल यावयाचा आहे. परीक्षेहून ती घरीं आली तेव्हां पायांवर पाणी घेण्यापूर्वींच वहिनींनीं विचारलें, "आलेखांत मत नाहीं ना लिहिलेंस?"

"पहिल्या प्रश्नांत एक अक्षर नाहीं, आई. दुसऱ्यांत पोटभर लिहिलें."

देवघरांतून बंधूंनीं विचारलें, "दुसरा प्रश्न काय होता?"