‘लक्ष नव्हतं’ म्हणे!

लेथवर कुणाचा हात सापडला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: “त्याचं लक्ष नव्हतं.” झालं, चौकशी संपली! भिंतीवर ‘सावधान’ अशी आणखी एक पाटी लागते आणि मशीन पुन्हा सुरू. मला या वाक्याचाच राग येतो. का, ते फोर-जॉ चकवरून सांगतो.

थ्री-जॉ चकमध्ये चावी फिरवली की तिन्ही जॉ एकदम सरकतात. फोर-जॉमध्ये प्रत्येक जॉचा स्क्रू वेगळा. म्हणून तर चौकोनी तुकडा किंवा वेडंवाकडं कास्टिंग त्यात पक्कं बसतं. पण जॉब ट्रू करायचा म्हणजे चक हाताने फिरवा, डायल बघा, समोरासमोरच्या रीडिंगमध्ये ०.४० मिमी फरक असेल तर जॉब ०.२० सरकवा. एक जॉ किंचित सैल, लगेच समोरचा घट्ट. मग दुसरी जोडी, मग परत पहिली. समजा, एका जॉबला चावी वीस वेळा आत-बाहेर झाली आणि दिवसात दहा जॉब लावले. दोनशे वेळा! त्यात एकदाही चावी चकमध्ये राहणार नाही, याची हमी निव्वळ ‘लक्ष’ देणार? आणि राहिली, तर स्पिंडल सुरू होताच ती कुणाच्या तोंडावर येईल याचा नेम नाही.

‘वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे’ एवढ्यावर उभं असलेलं डिझाइन आम्ही सॉफ्टवेअरवाले रिव्ह्यूमध्येच परत पाठवतो. आणि आमची चूक निदान दुरुस्त तरी होते. बोटांचं तसं नाही.

उपाय काही नवे नाहीत. हात सोडला की आपोआप बाहेर पडणारी स्प्रिंगची चावी मिळते. चकच्या गार्डला स्विच बसवता येतो. गार्ड उघडा असेल तर मोटर सुरूच होत नाही. तेही नसेल तर ट्रू करताना मेन स्विच बंद, आणि चावी एकतर हातात नाहीतर खुंटीवर. तिसरी जागाच नाही.

बरं, मोठा जॉब पकडला की जॉ चकच्या कडेबाहेर येतात आणि फिरताना ते दिसतच नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीवर लक्ष कसं ठेवायचं, सांगा बघू? म्हणून आधी पूर्ण एक फेरा हाताने फिरवून बघायचा, कुठे अडतंय का ते. हातमोजे आणि सैल बाह्या तर नकोच.

वजनाचंही तेच. १ किलो वजन केंद्रापासून ५० मिमी बाहेर असेल, तर मिनिटाला ३०० फेऱ्यांवर ते साधारण ५ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ६०० वर २०, १२०० वर ८०! वेग दुप्पट, ओढ चौपट. तेव्हा वाकड्या जॉबला समोरून तोलायचं वजन लावा आणि सुरुवात कमी वेगाने करा.

“आमचे मिस्त्री तीस वर्षं असंच करताहेत, काही झालं नाही,” असं कुणी म्हणेलच. त्या मिस्त्रींचे हात नीट बघा. बोलता बोलता चावी आपसूक जागेवर जाते. याला लक्ष म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात. आणि ती नव्या पोराला पहिल्या दिवसापासून लावावी लागते, नुसतं “सांभाळून रे” म्हणून भागत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यानेसुद्धा लेथच्या हेडस्टॉकबाहेर येणाऱ्या बारला आडोसा मागितला होता. नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हणून तो थांबला नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी “लक्ष नव्हतं” ऐकलंत तर एवढंच विचारा: गार्ड होता का? चावी कसली होती? आणि हे त्याला शिकवलं कुणी होतं?