दिंडोरीची लढाई आणि बैलजोडी



ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखानाच्या मोगली फौजेने याच वणी-दिंडोरीच्या रानात गाठले. मराठे समोरासमोर लढले आणि जिंकले. (फक्त गनिमी काव्याचे पोवाडे गाणारे हे विसरतात.) लढणाऱ्यांत पावसाळ्यात नांगर धरणारे कुणबीही होते. १६७४ साली रायगडावर स्वतंत्र राज्याचा अभिषेक झाला. ते राज्य कुणब्याला आपले का वाटले? १६७६ साली महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिले, बैल नसेल त्याला बैलासाठी पैसे द्या, पोटाला दाणे द्या, वसुली बिनव्याजी, तीही त्याला ताकद आल्यावर. आमच्या कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याचे थकलेले कर्ज मात्र दुष्काळातही फुगते. बिनव्याजी मुद्दल, पिकेल त्या साली, ही मागणी आम्ही या बैठकीपुढे ठेवत आहोत.