मानसला जाऊ नका म्हणणाऱ्यांना

उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या जंगलात पर्यटकांनी पाऊलच टाकू नये, असे निसर्गप्रेमींमधला एक वर्ग आग्रहाने सांगत असतो. ताडोब्यात एका वाघाभोवती लागणाऱ्या जिप्सींच्या रांगा पाहिल्या की हे म्हणणे पटूही लागते. भूतानच्या पायथ्याशी आडबाजूला असलेले आसामचे मानस राष्ट्रीय उद्यान तसेच आडबाजूला राहावे, या इच्छेमागचा हेतू चांगलाच आहे. पण माणूस दूर झाला की जंगल आपोआप सावरते, हे तिच्यामागचे गृहीत मानसच्याच इतिहासात टिकत नाही.

1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मानस होते. 1985 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस बोडो समाजाचे स्वतंत्र राज्यासाठीचे आंदोलन पेटले, भाग अशांत झाला आणि पर्यटकांचे येणे आटले. गृहीत खरे असते, तर ही वर्षे जंगलाच्या भरभराटीची ठरायला हवी होती. प्रत्यक्षात वनखात्याच्या चौक्या जाळल्या गेल्या, वनकर्मचारी मारले गेले, वृक्षतोड आणि चोरटी शिकार मोकाट सुटली. 1992 मध्ये युनेस्कोने मानसला धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत टाकले, आणि त्या दशकात तिथल्या गेंड्यांचे नामोनिशाण मिटले. पर्यटक नव्हते म्हणून गेंडे मेले, असे कोणी म्हणणार नाही. पण पर्यटक नव्हते म्हणून ते वाचलेही नाहीत. राखणदार हटले आणि आसपासच्या गावांना जंगल आपले वाटेनासे झाले, हे खरे कारण.

सावरण्याची सुरुवातही तिथूनच झाली. 2003 मध्ये बोडोलँड करार होऊन प्रादेशिक परिषद स्थापन झाली. त्याच वर्षी पूर्वेकडच्या कोकिलाबारी भागातल्या तरुणांनी ‘मानस माओझिगेंद्री’ ही संस्था उभी केली. जंगल ज्यांच्या पायाखालचे होते अशा जुन्या शिकाऱ्यांनी बंदुका खाली ठेवल्या आणि तेच गस्तीला जाऊ लागले. संस्थेने पर्यटकांसाठी राहण्याची सोयही केली. ही राखण बसू लागल्यावर 2008 ते 2012 या काळात आसाममधल्याच पोबितोरा आणि काझीरंगातून 18 गेंडे आणून सोडण्यात आले. 2011 मध्ये युनेस्कोने मानसचे नाव धोक्याच्या यादीतून काढले.

यावर पहिला आक्षेप असा की, बाहेरून आणलेल्या प्राण्यांचे हे जंगल म्हणजे मोठे प्राणिसंग्रहालयच. पण आणलेल्या गेंड्यांना इथे पिल्ले झाली, आणि प्राणी कुठून आला यापेक्षा तो इथे वंश वाढवतो का, हीच जंगलाची कसोटी असते. यातले काही गेंडे पुन्हा शिकाऱ्यांना बळी पडले, हेही खरे. त्यातून सिद्ध होते ते एवढेच की प्राणी आणून सोडले म्हणजे काम संपत नाही. रोजची राखण आणि गावांचा पाठिंबा त्यानंतरही लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पर्यटनाची कमाई बेभरवशाची असते. पावसाळ्यात उद्यान बंद राहते, आणि 2020 च्या टाळेबंदीने तर देशभरच्या सफारी थांबवल्या. म्हणून वनरक्षकांचा पगार पर्यटकांच्या खिशावर सोडता येणार नाही. ती जबाबदारी सरकारचीच. पण ज्या गावांच्या गुरांवर आणि चुलीच्या सरपणावर उद्यानाची बंधने आली, त्या गावांना त्याच उद्यानातून चार पैसे मिळू नयेत, हा कुठला न्याय? तिसरा आक्षेप गर्दीचा. त्यावर उपाय गाड्यांची संख्या बांधून देणे हा आहे. बंदी घातली तर शिस्त येत नाही, जंगलावरची नजर तेवढी कमी होते.

मात्र जाणाऱ्यानेही आपली हौस तपासावी. वाघ दिसला तरच पैसे वसूल, असे मानणाऱ्याने मानसची वाट धरू नये. इथले खरे वैभव उंच गवतात आहे. जेमतेम वीतभर उंचीचे पिग्मी हॉग हे रानडुक्कर याच गवताच्या आधाराने जगते. 1996 मध्ये मानसमधूनच पकडलेल्या सहा प्राण्यांपासून त्याचे बंदिस्त प्रजनन सुरू झाले, आणि 2020 मध्ये त्यांच्या वंशजांना मानसमध्ये सोडण्यात आले. सफारीत ते दिसण्याची शक्यता नगण्य. बंगाली तणमोर हा पक्षीही याच गवताचा रहिवासी. आपल्या सह्याद्रीत माजलेली रानमोडी ही तणवनस्पती आता त्या गवतावरही चाल करून येते आहे, आणि तिला उपटायला पुन्हा माणसांचेच हात लागणार आहेत. तेव्हा मानसला जरूर जा. मुक्काम काठच्या गावात करा, वाटाड्या तिथलाच घ्या, आणि वाघ दिसला नाही म्हणून वाटाड्यावर चिडू नका.