चालू लॅपटॉप भंगारात घालू नका!

मित्रांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. म्हणून काय चालू लॅपटॉप भंगारात घालायचा?

मी सांगवीत घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, तर वाय-फायच दिसेना. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं अन् नेटसाठी ड्रायव्हर! शेवटी मोबाईल केबलनं जोडला, यूएसबी टिथरिंग चालू केलं, ‘एलएसपीसीआय’ कमांडनं कार्डाचं मॉडेल शोधलं अन् त्याचा ड्रायव्हर टाकला. चाललं की!

पण प्रत्येकानं एवढी खटपट का करावी? शाळा, ग्रामपंचायतीनं नवे संगणक घेताना ‘वाय-फाय कार्ड लिनक्सवर चाललं पाहिजे’ ही अट कोटेशन मागतानाच लिहावी. पैसा गावाचा आहे. सपोर्ट संपला तरी मशीन चालू राहील.

पटलं तर शेअर करा.