भाऊंची घडी

घरातील कर्ता पुरुष गेला की व्यापारी कुटुंबात प्रथम कागद बाहेर निघतात. ठेवींच्या पावत्या, दुकानाचा करार, शेअर्स, लॉकरची किल्ली. बँकेच्या सेवेत असताना मृत खातेदारांचे दावे हाताळण्याचे काम माझ्याकडे अनेक वर्षे होते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे पैसे स्वीकारणारी विश्वस्त, ती मालक होतेच असे नाही, हे मी कितीतरी वारसांना समजावून सांगितले. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांची नोंद कोणत्याही यादीत होत नाही आणि त्यांचा वारस कोण हे कोणताही कायदा सांगू शकत नाही.

आमच्या वडिलांना एकत्र कुटुंबातील रीतीप्रमाणे आम्ही मुलेही ‘भाऊ’ म्हणत असू. गेल्या वर्षी, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले. नगरच्या आडते बाजारात आमचे किराणा-भुसाराचे दुकान. भाऊ गादीवर बसत, पण त्यांचे खरे आसन गादीमागच्या लाकडी पेटीजवळ असे. पेटीत पकड, कानस, पटाशी, सुया, तारा आणि कुठून तरी वाचवून ठेवलेले असंख्य स्क्रू. शेजाऱ्यांचे स्टोव्ह, शिवणयंत्रे, कुलपे, छत्र्या सारे तेथे येई आणि दुरुस्त होऊन जाई. पैसे विचारले तर भाऊ म्हणत, “दुकानातून गूळ घेऊन जा, त्याचे मात्र पूर्ण पैसे द्या.”

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, तेव्हाची गोष्ट आमची आई, म्हणजे बाई, अजून सांगते. खेड्यातील गिऱ्हाइके गोंधळून जात. आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, मग तीन आण्यांचे एकोणीस कसे? भाऊंनी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापून एका खिळ्यावर बसवल्या. आतली फिरवली की आण्यासमोर नवे पैसे दिसत. मोठी माणसे हिशेबासाठी ती फिरवीत आणि लहान मुले उगाच फिरवीत. दोन्हींचा भाऊंना सारखाच आनंद.

खेळ हा त्यांचा स्वभावच होता. व्यवहारातून शेर आणि मण गेल्यावरही भाऊंनी ते एका कोड्यासाठी जपून ठेवले. “एक ते चाळीस शेर, प्रत्येक वजन तोलता आले पाहिजे. वजने मात्र चारच. सांगा कोणती?” आम्ही भावंडे रात्रभर डोके खाजवीत असू. उत्तर एक, तीन, नऊ आणि सत्तावीस. दोन शेर हवे असतील तर तीनचे वजन एका पारड्यात आणि एकचे मालाच्या बाजूला. पाच हवे असतील तर नऊ एका बाजूला, तीन आणि एक दुसऱ्या बाजूला. चारांची बेरीज बरोबर चाळीस, म्हणजे एक मण. हे पटावे म्हणून त्यांनी वाळू भरलेल्या चार पिशव्या शिवल्या होत्या. शेरांऐवजी तोळ्यांच्या, कारण आमच्या हातांना तेवढेच पेलत असे.

त्याच तराजूवर त्यांनी आम्हांला दुसरी गोष्ट शिकवली. काटा सरळ आला म्हणजे तोल खरा असे नव्हे. माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करा. तरीही काटा सरळ राहिला तर दांडी खरी. प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूडतुल्ल कूडमाणे’ येते. खोटे तोल आणि खोटी मापे यांचा तो दोष. रोज संध्याकाळी ते म्हणणारा माणूस सकाळी दुकान उघडताच पारडी बदलून पाहत असे.

संक्रांतीला ते आमच्याबरोबर गच्चीवर असत. पण मांजा वर्ज्य, साधा दोरा. पाखरे घरट्याकडे परतू लागली की पतंग खाली. आमच्या पतंगा कटत, आणि कटल्यावर सर्वांत मोठ्याने हसत ते भाऊच.

ज्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे ती म्हणजे बाईंची सामायिकाची घडी. सामायिक दोन घडींची, म्हणजे 48 मिनिटांची. भाऊंनी औषधाच्या दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून, मध्ये बारीक भोकाची पत्र्याची चकती घालून हे वाळूचे घड्याळ केले होते. जोडाला लाख लावावी असे कोणी सुचवले, तेव्हा त्यांनी नकार दिला. लाक्षावाणिज्य पंधरा कर्मादानांत येते. मग ती लाख आपल्या सामायिकात कशाला? डिंक, कापडी पट्टी आणि सुताचे घट्ट वेढे यांवर काम भागले. वाळूची एक गंमत ते सांगत. पाण्याच्या भांड्यात पाणी वर असताना धार जोरात पडते आणि उतरले की मंदावते. वाळूचे तसे नाही, ती अखेरपर्यंत एकाच गतीने पडते. म्हणून वाळू तोलली की वेळ तोलली.

अखेरच्या काही वर्षांत त्यांना कंपवात झाला. कोणत्याही कारागिराला याहून कठोर आजार नसेल. हात मांडीवर ठेवला की थरथरे, काही उचलावयास गेले की क्षणभर थांबे. भाऊ म्हणत, “बघा, याला रिकामे बसणे आवडत नाही.” परंतु स्क्रू पकडणे हळूहळू अशक्य झाले. मग त्यांनी धाकट्या भावाच्या मुलीला जवळ बसवले. ती पकड धरी आणि ते सांगत, “थोडे डावीकडे, आता श्वास सोड, आता फिरव.” तिचे चुकले तर म्हणत, “माझा हात बरा की तुझा?” आणि दोघेही हसत. मला मात्र तेथे उभे राहवत नसे.

भाऊ गेल्यानंतर काही महिन्यांनी नातीच्या लक्षात आले की घडी 46 मिनिटांतच रिती होते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने भोक किंचित मोठे झाले असावे. ती उघडून नीट करू असे ती म्हणाली. बाईंनी घडी पदराआड घेतली. “त्यांच्या हातची गाठ आहे. कोणी सोडावयाची नाही.” मोबाईलवर वेळ लावून देतो, असे आम्ही सुचवले. तेही त्यांना नको. दोन-तीन आठवडे घडी संपल्यावर बाई अंदाजाने आणखी थोडा वेळ डोळे मिटून बसत. त्यांना कसे समजवावे हे आम्हांला उमजत नव्हते, आणि समजवावे का, हेही.

एके दिवशी बाईंनीच घडी नातीसमोर ठेवली. म्हणाल्या, “त्यांनी गिऱ्हाइकाला कधी कमी तोलून दिले नाही. मग माझी सामायिक कमी का भरावी? सोड गाठ.”

नातीने सूत जपून उलगडले. भाऊंच्या लहान पितळी काट्यावर वाळू तोलली, 184 ग्रॅम भरली. मिनिटाला चार ग्रॅम, म्हणून आणखी आठ ग्रॅम चाळलेली वाळू घातली. पुन्हा वेढे दिले. गाठ भाऊंसारखीच आली. घडी 48 मिनिटे चालली. बाईंनी त्या दिवशी प्रथमच सर्वांदेखत डोळ्यांना पदर लावला.

दिवाळीला आपण महावीर निर्वाण कल्याणक साजरे करतो, त्याच वेळी गौतमस्वामींचे स्मरण करतो. परंपरा सांगते की भगवंतांवरील अनुरागामुळे त्यांचे केवलज्ञान अडले होते. देवशर्म्याला बोध करून परतताना निर्वाणाची वार्ता कळली, तेव्हा त्यांनी विलाप केला. आणि त्या विलापातूनच हा राग कोणाचा, कोणावर, हा विचार जागा होऊन मोहाचे बंधन सुटले. आपण सामान्य संसारी माणसे. आपला मोह एका रात्रीत सुटत नाही. पण एखादी गाठ तरी सोडता येते, आणि ती सोडल्याने गेलेले माणूस दूर जात नाही, हे मी बाईंकडे पाहून शिकलो.

आपल्या बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांनी हाताने केलेली, नीट केलेली एखादी वस्तू असेलच. कपाटात ठेवून तिला धूळ खाऊ देण्यापेक्षा घरातल्या मुलांच्या हाती द्यावी. ती कशी चालते हे त्यांना उघडून पाहू द्यावे, बिघडल्यास दुरुस्त करू द्यावी. भाऊंची पेटी आम्ही भावंडांनी वाटून घेतली नाही. ती आज नातीकडे आहे, आणि शेजारच्या काकूंची छत्री गेल्याच आठवड्यात तिच्याकडे दुरुस्तीला आली आहे.